रविवारच्या गोळ्या

इसेयिन,
सोमवार, ९ सप्टेंबर १९९१

चि. मोरोंके,

आशीर्वाद आहेतच, पण आधी बोलणी खा. इबादानला बापाकडे परत जाऊन तीन महिने झाले आणि आत्याला एक ओळ नाही. लासिसी दिवसाआड इबादानची खेप मारतो, टॅक्सी माझ्या दुकानासमोरच लावतो, त्याच्या हाती चिठ्ठी द्यायला तुझा हात मोडतो का? दादा सांगत होता की त्याची लेक विद्यापीठात उंदरांना मलेरियाची औषधं पाजते. मी म्हटलं, दादा, मी या दुकानात बसून तीस वर्षं माणसांना पाजते आहे, मला कुणी पदवी दिली नाही.

आता मुद्द्याचं. हे वाचून झालं की फाडून टाक. दादाला यातलं अवाक्षर कळलं तर माझ्या घराची पायरी चढू नकोस.

आदेगोरोये हेडमास्तर आठवतात ना? सातचा पाढा चुकलास म्हणून ज्यांनी तुला भर उन्हात गुडघ्यांवर बसवलं होतं, तेच. आता निवृत्त आहेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी चर्चमधून येताना ते माझ्याकडे टेकले आणि छत्री विसरून गेले. पुढच्या रविवारी छत्री न्यायला आले आणि टोपी विसरले. त्यानंतर विसरायला काही उरलं नाही, तेव्हा सरळ जेवायलाच येऊ लागले. काल त्यांनी मागणी घालताना ठेवतात तशी बशीत कोलाची बी ठेवली, घसा साफ केला आणि वर्गात उभं राहून बोलावं तसं मला विचारलं. नोव्हेंबरात चर्चमध्ये सुगीचा सण आहे. त्या दिवशी माणसं आपापल्या घराण्यासोबत वेदीपर्यंत नाचत जातात. म्हणाले, मला तुमच्याबरोबर नाचत जायचं आहे. नाही म्हणालात तर मी मुलाकडे कादुनाला कायमचा जाईन.

मी अठ्ठावन्न वर्षांची बाई. पहिलं लग्न आमच्या दोघांच्या बापांनी ठरवलं. तुझे काका वाईट नव्हते, पण तीस वर्षांत त्यांना बघून माझा एक ठोका चुकला असेल तर शपथ. तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा कधी वेळ आलीच तर बापांना नाही, हृदयाला विचारेन. आणि पोरी, हृदय बोलतंय. हेडमास्तर जेवून हात धुतात, समोर बसतात, आणि थोड्या वेळात माझ्या छातीत काहीतरी थांबतं, मग एकदम उडी मारतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. या वयात मला लाज वाटते आणि मजाही वाटते. तू शिकलेली आहेस. हो म्हणू?

तुझी आत्या,
वुराओला

&nbsp;

इबादान,
शनिवार, १४ सप्टेंबर १९९१

आदरणीय आत्या,

दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. पत्र फाडलं नाही. अशी पत्रं फाडायची नसतात, वेळप्रसंगी दाखवायला जपून ठेवायची असतात.

पहिली दुरुस्ती, उंदीर नाहीत, गिनीपिग आहेत. सशाएवढे गुबगुबीत आणि आमच्या गल्लीतल्या मावश्यांएवढे बडबडे. आमचे प्रोफेसर ओयेवुमी एका नव्या मलेरियाच्या औषधाच्या मागे लागले आहेत. जुन्या गोळीनं आपल्याकडे निम्म्या माणसांना अंगभर खाज सुटते, या नवीननं सुटत नाही, म्हणून सगळे त्यावर तुटून पडले आहेत. त्याचं नाव इतकं लांब आहे की तुम्ही उच्चारायला गेलात तर दात पडेल. प्रोफेसरांना शंका आहे की ते हृदयावर काही करत असावं. म्हणून मी गिनीपिगला औषध पाजते, त्याच्या अंगाला तारा लावते, आणि यंत्राची लेखणी कागदावर त्याच्या हृदयाच्या टेकड्या काढत जाते. दोन टेकड्यांमधलं अंतर वाढलं, एखादी टेकडी गळाली, की समजायचं काहीतरी बिघडलं.

आणि काही म्हणजे काही बिघडत नाही. सगळ्यांच्या टेकड्या रांगेत. निम्मं औषध ते बाहेर थुंकतात, उरलेलं गिळून माझ्याकडे बघत बसतात. प्रोफेसर म्हणतात, आणखी महिनाभर बघू, नाहीतर विषय बदल. म्हणजे माझं सगळं वर्ष पाण्यात.

पण तुमचं काय विचारता? हो म्हणा. मी इथे दिवसभर हृदयांकडे बघत बसते, एकही मेलं माझ्यासाठी चुकत नाही, आणि तुमचं तिकडे फुकटात उड्या मारतंय. हृदय खोटं बोलत नाही, आत्या. मात्र लग्नाच्या दिवशी हेडमास्तरांना सातचा पाढा मी विचारणार.

तुमची,
मोरोंके

ता. क. ते जेवतात काय? आणि दर वेळी नेमकं जेवणानंतरच का? आधी काजवे चमकत नाहीत का?

&nbsp;

इसेयिन,
सोमवार, २३ सप्टेंबर १९९१

चि. मोरोंके,

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. मुक्या जिवांना तू रिकाम्या पोटी औषध पाजतेस? मग थुंकतील नाहीतर काय करतील. तुला कुणी वाढवलं? आपल्या घरात पोट टम्म भरल्याशिवाय कधी कुणी गोळीला हात लावला आहे का? माझ्या दुकानात लहान मूल आलं तरी मी आधी विचारते, काय खाल्लंस. नुसती लापशी म्हणालं तर परत पाठवते, जा, आईला सांग तेलाचं काहीतरी घाल. तुझ्या त्या गुबगुबीत मावश्यांना आधी शेंगदाण्याचा कूट तेलात कालवून चार. मग बघ औषध कसं मुकाट्यानं घेतात ते. प्रोफेसरांना सांगू नकोस, शिकलेल्या माणसांना साध्या गोष्टी सांगितल्या की त्यांचा अपमान होतो.

जेवतात काय, म्हणून विचारतेस. रविवारी मी काय करते ते तुला माहीत आहे. यामचा नवा कंद आला आहे, तो पहाटेच उकडून कुटते. वर एगुसीच्या बिया वाटून केलेलं कालवण, आणि त्यावर लाल पाम तेलाचा तवंग बोटभर. हेडमास्तर म्हणतात, वुराओला, या कालवणात माणूस बुडाला तरी आनंदानं बुडेल.

जेवण झालं की आमच्या रविवारच्या गोळ्या. तुझ्या आजोबांच्या काळापासून या घरात ताप येऊ नये म्हणून दर रविवारी गोळी घ्यायचीच. जुन्या गोळीत आता दम राहिलेला नाही, डासही तिला हसतात. म्हणून पाऊस सुरू झाल्यापासून मी ती नवी, खाज न सुटणारी सुरू केली आहे, तू सांगतेस तीच असणार. पुडक्यावर लिहिलंय की ताप आल्यावर घ्यायची, पण ताप यायची वाट बघत बसणारा दुकानदार कसला? मी दोन घेते, हेडमास्तरांच्या तळहातावर दोन ठेवते. ते शाळेतल्या पोरासारखे डोळे मिटून गिळतात. मग आम्ही बसतो. आणि मग ते सुरू होतं.

त्यांचंही होतं, बरं का. मी सरळ विचारलं. म्हणाले, तुमच्या तीन पायऱ्या चढलो की माझ्या छातीत ढोल वाजायला लागतो.

काल तर मला टेबल धरावं लागलं. आजूबाजूचं सगळं काळं झालं. त्यांनी उठून माझा हात धरला. तुझ्या काकांनी तीस वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता. समोर लासिसी बसला होता, त्याला वाटलं आम्ही प्रार्थना करतोय. मोरोंके, मी सुगीच्या सणाआधी हो म्हणणार आहे. पण अजून चार-पाच रविवार हे असंच चालू दे, मला आवडतंय.

तुझी आत्या

&nbsp;

इबादान,
शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९९१

आदरणीय आत्या,

मी सकाळपासून नाचते आहे. तुमचं ऐकलं. प्रोफेसरांना न सांगता एका पिंजऱ्याला आधी तेलात कालवलेला शेंगदाण्याचा कूट चारला आणि मग औषध दिलं. शहाण्यासारखं घेतलं सगळ्यांनी. आणि मग लेखणी वेडी झाली. टेकड्या लांब लांब गेल्या, मधेच एखादी गळाली, मग दोन एकदम आल्या. आमचा सगळ्यात लठ्ठ गिनीपिग, ज्याला मी सरदार म्हणते, तो तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात आडवा झाला तो उठलाच नाही. त्याच्यासाठी मी रडलेसुद्धा.

प्रोफेसर आधी माझ्यावर ओरडले, मग यंत्रावर ओरडले, मग खुर्चीत बसून विचारलं, काय बदललंस? मी म्हटलं, सर, आत्या. त्यांनी सगळं पुन्हा करायला लावलं. एका पिंजऱ्याला नुसतं तेल, एकाला नुसतं औषध, एकाला दोन्ही. नुसतं तेल खाणाऱ्यांची हृदयं शाळेच्या घंटेसारखी वेळेवर. नुसतं औषध घेणाऱ्यांचीही जवळपास तशीच. दोन्ही घेणाऱ्यांचा सगळा गोंधळ. प्रोफेसर म्हणतात, हे औषध तेलात विरघळतं, तेलकट पोटात ते कित्येक पटींनी रक्तात उतरत असणार. माझा विषय वाचला. ते म्हणाले, आत्यांचे आभार मान, आणि तेल नेमकं किती घालायला सांगितलं होतं ते त्यांच्या पत्रातून उतरवून आण.

म्हणून आत्ता हे पत्र अर्धं सोडून तुमचं काढलं. उतरवून घ्यायला म्हणून वाचलं.

आत्या, मी मूर्ख आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. छातीत थांबणं, मग उडी, काजवे, काळोख, आणि दर वेळी जेवणानंतर, आणि जेवणावर बोटभर तवंग. हे प्रेम नाही. हे सरदाराला झालं तेच आहे.

हात जोडते, या रविवारी गोळी घेऊ नका. हेडमास्तरांना तर अजिबात देऊ नका, ते तुमच्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत आणि ते स्वतः सांगतात की छातीत ढोल वाजतो. दुकानातून कुणाला दिलीत तर पुडक्यावर लिहिलेल्याच वेळी, तेलकट न खाता. मी लासिसीला हे आत्ताच देते आहे. उद्या पोचेल.

मोरोंके

&nbsp;

इसेयिन,
मंगळवार, १५ ऑक्टोबर १९९१

मोरोंके,

तुझं पत्र परवा मिळालं, रविवारची जेवणं आणि गोळ्या उरकल्यावर. लासिसीची गाडी ओयोला बंद पडली आणि हा दोन दिवस मेकॅनिकच्या घरी जेवत बसला. वरातीमागून घोडं.

रविवारी काही झालं नाही. जेवलो, गोळ्या घेतल्या, गप्पा मारल्या. मी जरा लवकर आडवी झाले, एवढंच.

तुला एक विचारते. इतकी वर्षं एकटी राहिलेल्या बाईच्या छातीत काहीतरी हललं, तर त्याचं कारण एक डुकराएवढंही अंग नसलेलं डुक्कर? आणि ते तुला आत्याच्या डोळ्यांत बघून सांगावंसं वाटलं नाही, टॅक्सीवाल्याच्या हाती पाठवलंस? मी तुला शेंगदाण्याचा कूट सांगितला आणि तू मला माझाच कूट तोंडावर मारलास.

हेडमास्तरांना मी काही सांगणार नाही. काय सांगू? की तुमची छाती धडधडते ती माझ्यामुळे नाही, माझ्या फडताळातल्या डबीमुळे? ते त्याच दिवशी कादुनाची बस धरतील. तुझा विषय वाचला म्हणतेस. छान झालं. माझा बुडाला.

वुराओला

&nbsp;

इबादान,
शुक्रवार, १८ ऑक्टोबर १९९१

आदरणीय आत्या,

रागवा, पण खोटं बोलू नका. लासिसी माझं पत्र घेऊन दारात पोचला तेव्हा काय चाललं होतं ते त्यानं सगळं सांगितलं. रविवारी तुम्ही खुर्चीवरून खाली पडलात, तुमचा डोक्याचा रुमाल सुटून कालवणात गेला, हेडमास्तर तोंडावर पाणी मारत तुमच्या नावानं हाका मारत होते, आणि बराच वेळ तुम्ही डोळे उघडले नाहीत. लासिसी म्हणाला, मला वाटलं म्हातारी गेली. त्यानं म्हातारी म्हटलं हे मी मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे तुमचा राग त्याच्यावरही थोडा जाईल.

प्रोफेसरांना मी नाव न घेता विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, त्या बाईंना इथल्या इस्पितळात आणून हृदयाचा आलेख काढ, आणि तोवर ती गोळी घरातसुद्धा नको.

माझी चूक कबूल. हो म्हणा, हृदय खोटं बोलत नाही, असं मीच लिहिलं होतं. तेव्हा मला गंमत वाटत होती. आता भीती वाटते. मला लग्नात नाचायचं आहे, आत्या, दुसऱ्या कशाला यायचं नाही.

दोन रविवार गोळीशिवाय काढा. कालवण तेच, पाहुणे तेच, फक्त गोळी नाही. मग बघा हृदय काय म्हणतं ते. आणि हेडमास्तरांना खरं सांगा. त्यांचा जीव तुमच्या लाजेपेक्षा मोठा आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर मी बाबांना घेऊन तिकडे येईन, आणि बाबा काय काय बोलतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुमची,
मोरोंके

&nbsp;

इसेयिन,
सोमवार, २८ ऑक्टोबर १९९१

चि. मोरोंके,

दादाची धमकी देणारी तू एकटी नाहीस, पण उपयोगी पडलेली तू पहिलीच.

त्या गोळ्या फडताळातून काढून वर ठेवल्या. दाराच्या पाटीवर खडूनं लिहिलं आहे, या गोळ्या कुणी जेवून घेऊ नयेत, आणि ताप नसेल तर मागूच नयेत. गिऱ्हाइकं मला वेड्यात काढतात. म्हणतात, वुराओलाबाई, रिकाम्या पोटी औषध? तुमच्या तोंडून?

आता रविवारचं सांगते. पहिल्या रविवारी मी आजारी असल्याचं कारण सांगून गोळ्या काढल्याच नाहीत. याम कुटला, कालवण केलं, तवंग तेवढाच. हेडमास्तर जेवले, हात धुतले, समोर बसले. मी वाट बघत राहिले. काही नाही. छातीत अगदी सामसूम. ते त्यांच्या एका जुन्या शिपायाची गोष्ट सांगत होते, मी हसत होते, आणि आत कुणीही उडी मारत नव्हतं. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पडले त्या दिवशी रडले नव्हते. मला वाटलं, देवानं एक वस्तू दिली होती ती तुझ्या यंत्रानं परत घेतली.

काल दुसरा रविवार. तीच सामसूम. तेव्हा मी ठरवलं, सांगून टाकायचं. सगळं सांगितलं, गिनीपिग, तेल, सरदार, सगळं. शेवटी म्हटलं, हेडमास्तर, मी तुम्हाला इतके महिने विष खाऊ घालत होते, आणि तुमच्या छातीतला ढोल मीच वाजवत होते. मला माफ करा. कादुनाला जायचं असेल तर खुशाल जा.

त्यांनी आधी चष्मा पुसला, मग टोपी नीट केली. मला वाटलं, आता उठतील.

"वुराओला," ते म्हणाले, "मी गोळी कधी घेतलीच नाही."

मी म्हटलं, "मग दर रविवारी डोळे मिटून काय गिळत होतात?"

"थुंकी."

गोळ्या ते मुठीत ठेवायचे आणि बाहेर पडल्यावर गटारात टाकायचे. लहानपणापासून त्यांना गोळी गिळताच येत नाही, घशातच अडकते. इतकी वर्षं शाळेत पोरांना रांगेत उभं करून रविवारच्या गोळ्या दिल्या, तोंड उघडायला लावून जिभेखाली तपासलं, आणि स्वतः एकदाही घेतली नाही. मला सांगितलं नाही, कारण औषधाच्या दुकानवालीला गोळी न घेणारा माणूस कसा चालेल, असं त्यांना वाटलं. माझ्याच घरात बसून माझ्याच डोळ्यांदेखत फसवलं, आणि मी दुकानात येणाऱ्या पोराच्या पोटात काय आहे तेही विचारून घेणारी बाई.

मी भांडायला तोंड उघडलं आणि मधेच थांबले. मोरोंके, तुझ्या तीन पिंजऱ्यांचा हिशेब लाव. तेल आम्ही दोघांनीही खाल्लं. औषध मी एकटीनं. तुझ्या शास्त्राप्रमाणे त्यांचं हृदय शाळेच्या घंटेसारखं वेळेवर वाजायला हवं होतं. मग पायऱ्या चढताना ढोल कसला वाजत होता?

मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस खाली मान घालून बसला.

मग मलाही खरं बोलावंच लागलं. म्हटलं, "हेडमास्तर, माझं हृदय गप्प आहे. दोन रविवार झाले, हूं की चूं नाही. मी पहिल्यापासून ठरवलं होतं की त्याला विचारून उत्तर देईन."

ते म्हणाले, "राहू दे गप्प. माझं वाजतंय तेवढं दोघांना पुरेल."

मी त्यांच्या ताटात आणखी याम वाढला, त्यांनी तो संपवला, आणि मी म्हटलं, तुमच्या लोकांना दादाकडे पाठवा. ते उद्या निघतील, बुधवारी इबादानला पोचतील. तू घरीच थांब, कोला फोडायला आणि पाहुण्यांना वाढायला कुणीतरी धड माणूस हवं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये वेदीपर्यंत नाचत जायचं आहे. त्याआधी शुक्रवारी मी तुझ्याकडे येऊन तो आलेख काढून घेते, लासिसीला मला म्हातारी म्हटल्याबद्दल फुकट न्यायला लावलं आहे.

दादाला सांगायचं काम तुझं. तो ओरडेल, विचारेल, वुराओलाचं या वयात डोकं फिरलं का, कुणी काही खायला घातलं का. त्याला सांग, काही खायला घातलं होतं तेव्हा ती उत्तर न देता नुसती बसून होती. हो म्हणाली ती पूर्ण शुद्धीवर.

तुझी आत्या,
वुराओला